बेंडपाइप

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद झाला. आमची जुनी येझदी मात्र पहूर-जामनेर करीतच राहिली. सिलिंडर एकच, पण बेंडपाइप दोन. त्यांतील एक गंजला तेव्हा पहूरच्या कारागिराने नवा घडविला. नळीत कोरडी वाळू ठासली, तोंडे बुजविली, मग तापवून वाकविली. वाळू ओली असती तर वाफ कोंडून घात झाला असता. नसतीच, तर वळणावर नळी चेपली असती. टू-स्ट्रोक इंजिनात दाबाची लाट नळीतून माघारी येते, म्हणून लांबी-व्यास त्याने जुन्याबरहुकूम राखले.

रूप हे आशयाचे नुसते भांडे नव्हे, असे आम्ही वर्गात सांगतो. याहून नेमका दाखला आमच्यापाशी नाही: पोकळीचे माप बदलले की इंजिनाचा श्वास बदलतो. ते माप जाणणाऱ्या हातांपाशी शिकायला मात्र त्या दुकानात कोणी नव्हते.