प्लेक्झॉरा

फ्लोरिडाच्या दक्षिणेला आणि कॅरिबियन बेटांच्या आसपास, उथळ समुद्राच्या तळाशी ती उभी असते. नाव प्लेक्झॉरा होमोमॅला. उंची हात-दीड हात, रंग काळपट तपकिरी, कणा लवचीक. पाणी हललं की सगळ्या फांद्या एका बाजूला झुकतात. पाहणाऱ्याला वाटावं, झुडूपच आहे. जवळ गेलं की फांदीभर बारीक छिद्रं दिसतात आणि प्रत्येक छिद्रातून एकेक इवलासा जीव डोकावत असतो. प्रत्येकाला मोजून आठ स्पर्शक. जरा धक्का लागला की सारे एका क्षणात आत.

जातीनं ती प्रवाळ, अशा इवल्या जिवांची वसाहत, पण दगडी प्रवाळाचं कवच तिच्या नशिबी नाही. अंग मऊ, पाय रोवलेले, पळायची सोय नाही. तरीही बहुतेक मासे तिच्या वाटेला जात नाहीत.

याचं कारण तिच्या सालीत आहे. 1969 साली ओक्लाहोमा विद्यापीठातल्या वाइनहाइमर आणि स्प्रॅगिन्स यांना तिथं प्रोस्टाग्लँडिन सापडलं. वाळवलेल्या सालीच्या वजनात त्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या घरात होतं. रसायनशास्त्रज्ञ चकित झाले, कारण आपल्या शरीरात हे संप्रेरकासारखं द्रव्य अगदी लेशमात्र तयार होतं, जिथल्या तिथे काम करतं आणि काही मिनिटांत मोडून जातं. बाळंतिणीच्या कळा, ताप, सूज, जठराच्या अस्तराची राखण, ही सगळी प्रोस्टाग्लँडिनांच्या कुटुंबाची कामं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरायला देतात ती मिसोप्रोस्टॉलची गोळी याच द्रव्याचं कृत्रिम रूप आहे. ॲस्पिरिननं वेदना कमी होते ती याचीच निर्मिती थांबल्यामुळे, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं.

प्लेक्झॉराची ते बनवायची कृती आपल्यासारखीच आहे. कच्चा माल म्हणजे ॲराकिडोनिक आम्ल, वीस कार्बनांचं मेदाम्ल. एक विकर त्याला प्राणवायू जोडतं आणि ती लांब साखळी केसाच्या पिनेसारखी दुमडून मधे पाच कार्बनांचं कडं तयार होतं. फरक एवढाच, की तिच्या अनेक वसाहतींत पंधराव्या कार्बनावरची मांडणी आपल्या उलट असते. 2001 मध्ये एस्टोनियाच्या टॅलिनमधल्या संशोधकांनी तिचं हे विकर जनुकासकट शोधून काढलं.

आपण ज्याचा निरोप म्हणून वापर करतो, त्याचा तिनं साठा केला. प्रोस्टाग्लँडिन पोटात गेलं की मासा ओकतो आणि पुढच्या वेळी तो घास टाळायला शिकतो. ज्याला पळता येत नाही त्याचं हे शहाणपण मला थोर वाटतं.

तरी तिला खाणारी एक आहेच. तिची ओळख आपल्याकडच्या कवडीवरून पटेल. सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमाराला तुळजापूरच्या देवीकडे पायी निघालेल्या भक्तांनी हा रस्ता फुलून जातो आणि आराधिणींच्या गळ्यात कवड्यांच्या माळा असतात. त्याच कवडीची नातलग म्हणजे सायफोमा ही गोगलगाय. शंखावर नारिंगी ठिपक्यांचं मांसल आवरण ओढून ती प्लेक्झॉराच्या फांदीवर सावकाश चरते. तिच्या पचनग्रंथीतली विकरं हे विष निकामी करत असावीत, असं संशोधन सुचवतं. दुष्काळी माळरानावरून देवीकडे जाणाऱ्या त्या माळेतली प्रत्येक कवडीही कधी काळी अशीच समुद्रात सरपटणारी जिवंत गोगलगाय होती.

औषधासाठी प्लेक्झॉराची कापणी सुरू झाली, पण ती फार काळ चालली नाही. 1969 मध्येच हार्वर्डच्या कोरी यांनी प्रोस्टाग्लँडिन प्रयोगशाळेत घडवून दाखवलं होतं. पुढे कारखान्यांची गरज त्या वाटेनं भागली आणि प्लेक्झॉरा वाचली. आता तिच्यापुढे, तिच्या साऱ्या भाऊबंदांपुढे, तापत्या समुद्राचं संकट आहे, आणि त्यावर सालीतलं कुठलंच द्रव्य चालत नाही.

आपल्याही समुद्रात प्रवाळ आहे. मालवणच्या खडकांवर आहे, विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, समुद्रातल्या आंग्रिया बँकेवर आहे. त्याच्या पेशींत काय शिजतं हे समजून घ्यायचं, तर आधी ते जिवंत राहायला हवं. ती जबाबदारी किनाऱ्यावरच्यांची आहे, तेवढीच कवड्यांची माळ घालणाऱ्या आपल्या मुलखाचीही आहे.