दोन जिवांचं जेवण

सातवा महिना लागला. आज वजन सात किलोंनी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, अगदी योग्य. घरी मात्र वरणभातावर तुपाची दुसरी धार सोडत सासूबाईंचं ठरलेलं, "अगं, दोन जिवांची आहेस, घे!" त्यांची माया कळते. पण पोटातला जीव अजून तळहातांत मावेल एवढाच. त्याच्यासाठी दिवसाला साधारण 350 कॅलरी जास्तीच्या पुरतात: एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, थोडं दही. लोहाची गोळी मी लिंबूपाण्याबरोबर घेते; चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. वजनाच्या धास्तीने उपास करणंही तितकंच वाईट. गरोदर बाईला आग्रह करायचाच, तर पालेभाजीचा करा.