नाशिकचे खांब

आमचा पनवेलचा वाडा विकायचे ठरले तेव्हा घरात भांडण झाले नाही, हेच नवल. वाटेकरी बारा, बारा गावी पांगलेले आणि विमानतळामुळे जागेला भाव आलेला! सह्या झाल्या आणि जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन ओटीवरचे चारही सागवानी खांब मोजून गेला. दर सांगितला तो घनफुटाचा. ज्या खांबांना शिवत आम्ही भावंडे खांबखांबोळ्या खेळलो, ज्याला पाठ टेकून आजोबा पंचांग पाहत, तो एकेक खांब भरला सवाचार घनफूट.

त्याच सुमारास आत्या राहायला आली होती. वय ब्याऐंशी, पण हिंडायची हौस दांडगी. वाड्यावरून तिचे मन निघावे म्हणून म्हटले, "चल, तुला म्युझियम दाखवतो." लहानपणी आम्ही एस. टी.ने ठाण्याचा वळसा घालून मुंबईला जात असू. आता पनवेलची लोकल थेट बोरीबंदरला सोडते.

म्हणजे जुने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचे. जॉर्ज विटेटने बांधलेले. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. कुर्ल्याचा काळानिळा दगड, मालाडचा पिवळसर, आणि वर विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेला घुमट.

"म्हणजे दगड आपल्या इकडचे, घुमट विजापूरचा," आत्या म्हणाली, "मग साहेबानं केलं काय?"

कोनशिला १९०५ ची. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. तेव्हा मूर्ती आणि चित्रे मांडायच्या त्या दालनांत लष्करी इस्पितळ थाटले गेले. लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ ला.

पण हे सगळे मी सांगत होतो तेव्हा आत्याचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. घुमटाखालच्या मधल्या दालनात ती मान वर करून उभी राहिली होती. बाहेर एवढा दगडी थाट, आणि आत लाकडी खांब, कमानी, कोरीव सज्जा! नाशिकच्या एका जुन्या वाड्यातले हे लाकूडकाम विटेटने विकत घेतले आणि आपल्या इमारतीच्या पोटात बसवले. आत्याने हात पुढे केला.

"आजी, हात नका लावू," पहारेकरी नम्रपणे म्हणाला.

तिने हात मागे घेतला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्या नाशिकच्या माणसांनी का रे विकला असेल?"

मी काहीच बोललो नाही.

"वाटेकरी असतील," तिने स्वतःच उत्तर दिले.

परतीच्या गाडीत जुईनगर गेल्यावर तिने मला व्यापाऱ्याला फोन करायला लावला. तीन खांब गेले होते, एक उरला होता. त्याच्या दुकानात जाऊन, घासाघीस न करता, सवाचार घनफुटांचे पैसे मी मोजून दिले. आमच्याच ओटीच्या खांबाचे!

खांब साडेनऊ फुटी, आमच्या फ्लॅटचे छत नऊ फुटांवर. तेव्हा तो गॅलरीत आडवा पडला आहे. येताजाता पायाला लागतो. त्यावरून घरात रोज दोन शब्द होतात. आत्या या दिवाळीला पुन्हा येणार आहे. परवा फोनवर प्रकृतीची चौकशी वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "त्याला तेल लावलंस का?"