दुसऱ्याची पाळी

रविवार, रात्र. 26 जानेवारी 2021 रोजी लोकार्पण झालेल्या गोरेवाड्याच्या प्राणी उद्यानात आज सहकुटुंब जाऊन आलो. नागपूरचे ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे म्हणून पहाटेच डबे, पाणी व आईची औषधे यांची तजवीज केली होती. तथापि बिबट, अस्वल, वाघ आणि तृणभक्षी यांच्या स्वतंत्र विभागांतून बस संथपणे जाऊ लागली तेव्हा जाणवले की, बंदोबस्त कितीही चोख असला तरी आनंदाची खरी मदार सहप्रवाशांच्या संयमावरच असते. वाघ दिसताच सारे एका बाजूस झेपावले. परंतु एका वृद्ध गृहस्थांनी, स्वतःचे पुरते पाहून होण्यापूर्वीच, मागच्या अनोळखी मुलीला पुढे घेऊन आपली जागा दिली, आणि संत्र्याच्या रसाने चिकट झालेला तिचा इवलासा तळहात खिडकीच्या चौकटीवर स्तब्ध टेकलेला मला दिसला. कोणी ओरडले नाही. वाघही सावलीत निवांत पडून राहिला. नियोजनाने वेळ वाचतो, सौजन्याने तो सार्थकी लागतो. आणि दुसऱ्याची पाळी मानणे हाच सहलीतून मुलांना मिळणारा नागरिकत्वाचा पहिला संस्कार होय, अशी माझी श्रद्धा आहे.