सुटलेल्या कामाची जागा

परिचारिकेनं कामाची आखणी कागदी डायरीत ठेवावी की मोबाइलमध्ये, हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच तासांच्या रकान्यांकडे वळतं. टेबलापाशी बसून काम करणाऱ्याला ते रकाने पुरतात. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जळगावच्या सिव्हिलमध्ये प्रसूती कक्ष सांभाळणाऱ्या सिस्टरचा दिवस मात्र त्यांत बसत नाही. शिरपूर, साक्री, चोपडा, यावलकडून पाठवलेली बाई कधी दारात येईल, हे आधी लिहून ठेवता येत नाही. सलाइन बदलताना नातेवाईक हाक मारतात, औषध भरताना डॉक्टरांचा राउंड येतो. हातातलं काम अर्ध्यावर सुटतं आणि असं दिवसभर चालतं. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधं देत असताना चार हजारांहून अधिक वेळा निरीक्षण केलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रत्येक व्यत्ययागणिक चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. व्यत्यय टाळा, असं सांगणं सोपं आहे. पण आमच्याकडे व्यत्यय म्हणजे बहुतेकदा दुसऱ्या रुग्णाची गरज असते, तिला नाही कसं म्हणणार? म्हणून साधन निवडताना मी एकच कसोटी लावते: सुटलेलं काम जिथे सुटलं तिथूनच परत उचलायला ते किती मदत करतं.

या कसोटीवर ड्युटीच्या आठ तासांत कागद जिंकतो, आणि त्यात भावनेचा भाग नाही. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, चालू आहे असं धरू. ते देण्याच्या प्रिचर्ड पद्धतीत पहिल्या मोठ्या डोसनंतर दर ४ तासांनी ५ ग्रॅमचं इंजेक्शन द्यायचं, एकदा उजव्या कुल्ल्यात, पुढच्या वेळी डाव्या. पण वेळ झाली म्हणून ते देता येत नाही. आधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का पाहायचं, श्वास मिनिटाला १६ तरी हवेत, लघवी तासाला ३० मिलि तरी हवी. यांतलं एक जरी कमी असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. लघवीची पिशवी पाहून झाली आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवर बाळ अडलं, तर परत आल्यावर काय झालं आणि काय राहिलं हे एका नजरेत दिसायला हवं. घडी घालून खिशात ठेवलेल्या पानावर खाट क्रमांकापुढे तीन खुणांच्या जागा, त्यांतली एक भरलेली. एवढ्यानं काम होतं. मोबाइलवर तेच पाहायचं तर हातमोजा काढा, कुलूप उघडा, वर आलेले व्हॉट्सअॅपचे निरोप बाजूला सारा. तोवर तिसऱ्या खाटेची हाक आलेली असते. खिशातलं पान केस पेपरची जागा घेत नाही, हे मात्र पक्कं. अधिकृत नोंद चार्टवरच व्हायची, पान फक्त तिथवर पोहोचवतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की कागद वाजत नाही. तो मला मान्य आहे. रक्त चढवायला सुरुवात केल्यावर पहिल्या १५ मिनिटांची तपासणी चुकली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं, तिथे घंटी जरूर लावावी. पण घंटी वेळ सांगते, त्या वेळी काय पाहायचं ते सांगत नाही. आणि प्रत्येक कामाला घंटी लावली की कान एकेका घंटीला दाद देणं सोडतो. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. दुसरीकडे, हातानं लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, हा कागदाच्या बाजूनं नेहमी दिला जाणारा दाखला मी वापरणार नाही. २०१४ च्या अमेरिकन प्रयोगातून ते मत पसरलं, पण पुढे तोच प्रयोग पुन्हा केल्यावर तसा ठाम फरक दिसला नाही. शिवाय आम्हाला लक्षात ठेवायचंच नाही, कागदानं ते ओझं उतरवावं म्हणून तर तो खिशात असतो. कागद हरवेल, रुग्णाची माहिती फुटेल, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय साधा: नाव आणि निदान लिहायचं नाही, फक्त खाट क्रमांक, आणि पुढच्या शिफ्टला ओव्हर दिली की पान फाडायचं. वॉर्डातल्या ग्रुपवर टाकलेला केस पेपरचा फोटो असा फाडता येत नाही.

वॉर्डाबाहेर पडलं की हीच कसोटी उलट कौल देते. सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रातली आरोग्य सेविका आदिवासी, डोंगराळ भागाच्या निकषानं ३,००० लोकांची जबाबदारी घेते. तिचं काम मिनिटांनी तुटत नाही, ते महिन्यांनी तुटतं. बाळाची पेंटाव्हॅलंट लसीची मात्रा ६, १० आणि १४ आठवड्यांना, गोवर-रुबेलाची ९ महिने पूर्ण झाल्यावर, पुढची १६ ते २४ महिन्यांत. दिवाळीनंतर ऊसतोडीला पावरा आणि भिल्ल कुटुंबं निघून जातात, तेव्हा दुसरी मात्रा घेतलेलं बाळ तिसरीच्या वेळी नाशकात असतं, नाहीतर गुजरातेत. सेविकेच्या डायरीतली तारीख अचूक असते, पण ती डायरी बाळाबरोबर जात नाही. इथे लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवरची नोंद दुसऱ्या गावच्या सिस्टरलाही सापडू शकते, आणि कोणाची मात्रा बाकी आहे ती ड्यू लिस्ट मोबाइल विनातक्रार काढून देतो. रेंज नसलेल्या पाड्यांवर मोबाइल अडतो हे खरं, म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत असलंच पाहिजे. पण रेंज नाही म्हणून लांब पल्ल्याच्या तारखा डायरीत अडकवणं मला पटत नाही. शिफ्टचं रोस्टर, बदलून घेतलेली नाईट, नोंदणी नूतनीकरणाची तारीख, हे सगळंही मोबाइलमध्येच शोभतं.

खरा धोका दोन्हींपैकी एक निवडण्यात नाही, एकच गोष्ट दोन्हीकडे लिहिण्यात आहे. दोन जागी नोंद झाली की एक जागा शिळी होते आणि कोणती शिळी आहे हे घाईत कळत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ च्या आपल्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण याच काळजीला दिलं आहे: मी हजर असताना जे होतं ते मी नसतानाही व्हावं, याची सोय कशी करायची. आपल्याकडे या सोयीच्या नावाखाली सेविकेकडून रजिस्टर भरून घेतात, मग तेच आकडे पोर्टलवर चढवायला लावतात, वर ग्रुपवर फोटो मागतात. यात तिची शिस्त कमी पडते असं म्हणणं अन्यायाचं आहे. जिथे पोर्टलवरची नोंद ग्राह्य आहे तिथे तेच रजिस्टर तिच्याकडून मागणं थांबवावं. आणि वॉर्डात ड्युटीवर येणाऱ्या प्रत्येक सिस्टरच्या हाती खाट क्रमांक छापलेलं एक कोरं पान द्यावं. सध्या ती ते औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर किंवा स्वतःच्या तळहातावर लिहून काढते.