सूत कुठलं, ते विचारायचं नाही

इचलकरंजीत कुणाचे माग किती, कुणाच्या पोरीचं लग्न कुठं ठरलं, हे सगळं चहाच्या गाड्यावर विचारता येतं. सूत कुठून घेतलं आणि कापड कुणाकडं विणायला टाकलं, एवढं मात्र विचारायचं नसतं. माझी नोकरी नेमकं तेच विचारण्याची आहे.

मी एका निर्यातदाराकडे काम करते. आमचं कापड शेवटी युरोपात शर्ट म्हणून विकलं जातं. तिथं १८ जुलै २०२४ पासून इकोडिझाइनचा नवा कायदा अमलात आला. त्यानुसार टप्प्याटप्प्याने वस्तूंना डिजिटल पासपोर्ट लागणार: क्यूआर कोड स्कॅन केला की वस्तू कशाची, कशी दुरुस्त करायची, कशी निकालात काढायची, हे दिसायला हवं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे. त्यांचा पासपोर्ट १८ फेब्रुवारी २०२७ पासून. कपडे प्राधान्ययादीत आहेत. त्यांचे नेमके रकाने पुढच्या वेगळ्या नियमाने ठरायचे, पण खरेदीदार कशाला थांबतायत? त्यांच्या एक्सेल शीट आत्ताच येऊन पडतात.

शीट बनवणाऱ्याला वाटतं, कापड एका कारखान्यात बनतं. इथं तसं काहीच नाही. सूत गिरणीतून व्यापाऱ्याकडं, तिथून सायझिंगला. सायझिंगमध्ये खळ लागून बीम भरला जातो, तो खर्चीवाल्याच्या शेडमध्ये जातो. खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा; त्याचा हिशेब पिकावर, पैशांत. आडव्या धाग्याचे कोन वेगळ्याच पोत्यातले. मग तागे मेंडिंगला, तिथून प्रोसेसला. १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून हे गाव असं तुकड्यातुकड्यांनीच वाढलंय.

तरी माग काढता येतो. सायझिंगवाला प्रत्येक बीमबरोबर चिठ्ठी देतोच: सूत किती नंबरचं, धागे किती, मीटर किती. त्यात आम्ही सुताचा लॉट नंबर घालायला लावला आणि चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागायला लागलो. आडव्या धाग्याचे दोन लॉट मिसळायचे नाहीत, एवढी एक नवी शिस्त. सॉफ्टवेअर विकायला येणारे याला लाखो रुपये सांगतात. आमचं काम दिवाणजींच्या वहीवर आणि त्या फोटोंवर चाललंय.

अडतं ते व्यापाऱ्यापाशी. आम्हाला कापड देणारे एक काका आहेत, वडिलांच्या ओळखीतले. शीट बघून म्हणाले, "पोरी, गिरणीचं नाव दिलं, खर्चीवाल्याचं नाव दिलं, मग माझं काय राह्यलं गं? उद्या तुझा साहेब थेट त्यांनाच फोन लावंल."

काका चूक नाहीत. ओळख हेच त्यांचं भांडवल. मी त्यांना समजावलं, की कायद्यात सगळं सगळ्यांना उघडं नाही. गिऱ्हाइकाला वेगळं दिसेल, सरकारी तपासणीसाला वेगळं. "आणि तुझ्या साहेबाला?" याचं उत्तर कायद्यात नाही, आमच्या करारात लिहावं लागेल. साहेब अजून 'बघू' म्हणतायत.

मला स्वतःला हे नियम हवेत. पंचगंगेचं पाणी उन्हाळ्यात कसं होतं ते आम्ही लहानपणापासून बघतोय, आणि कापड कुठं रंगलं हे कुणीतरी विचारायलाच हवं. फक्त हा कायदा पर्यावरणाचा आहे. पिकाला मजुरी किती दिली, याला त्यात जागा नाही, आणि चिठ्ठ्या सांभाळायचा वेळ मात्र त्या मजुरीतच धरला जातो.

काकांचा एक खर्चीवाला आहे, आठ मागांचा. चिठ्ठ्यांचे फोटो तोच सगळ्यात नीट पाठवतो, तारीखवार. परवा त्यानं विचारलं, "ताई, त्या कोडात माझ्या शेडचं नाव येणार का? तीस वर्षं विणतोय, कुठल्या बिलावर नाव नाय आपलं."

मी काकांना विचारलं. त्यांनी नको म्हणून सांगितलं. पुढची शीट पंधरा तारखेला जायची आहे. 'विणकाम कुठे' या रकान्यात सध्या 'जॉब वर्क, इचलकरंजी' एवढंच आहे. खर्चीवाल्याला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही. त्याचे फोटो रोज येतायत.