कॅबिनेटच्या मागची झळ

अकोल्यात मे महिन्यात डेस्कटॉप संगणक चालवायचा तर त्याला गार हवा कमी पडता कामा नये, या मताचा मी कितीतरी वर्षं होतो. लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करणारे आमच्याकडचे लोक मला विचारायचे आणि मी ठामपणे सांगायचो: मोठं हीटसिंक घ्या, कॅबिनेटला आणखी दोन पंखे लावा, ऐपत असेल तर पाण्याचं कूलिंग बसवा आणि शेवटी खोलीला एसी. आज कुणी विचारलं तर मी आधी उलट प्रश्न करतो: तुमचं मशीन किती वॉट खातं? या प्रश्नापर्यंत मी कसा आलो, ते मोकळेपणानं सांगावंसं वाटतं, कारण माझ्या जुन्या सल्ल्यावर अनेकांनी पैसे घातलेत.

जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. मी या धंद्यात आलो तेव्हा पेंटियम ४चे दिवस होते. २००४ साली त्याची ‘प्रेस्कॉट’ नावाची आवृत्ती आली आणि तिच्या काही प्रोसेसरांची उष्णता ११५ वॉटपर्यंत गेली. तेव्हाची कॅबिनेटं म्हणजे पत्र्याची बंद पेटी. पुढून हवा आत यायला जेमतेम चार भोकं. त्यामुळे बाजूचं झाकण काढायचं आणि समोर टेबलफॅन ठेवायचा, हा आमच्याकडचा सर्वमान्य उपाय होता आणि तो लागूही पडायचा. मग माझ्या डोक्यात समीकरण बसलं: तापलं की वारा वाढवा. त्याच २००४ च्या ऑक्टोबरात इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढायचा बेत सोडून दिला आणि २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आणला, जो ६५ वॉटच्या हिशेबानं बनवलेला असूनही कामाला जास्त वेगवान होता. म्हणजे प्रोसेसर बनवणाऱ्यांनी उष्णतेचा प्रश्न पंखा वाढवून सोडवला नव्हता, उष्णताच कमी करून सोडवला होता. ती गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली, मी तो नवा प्रोसेसर विकतही घेतला, पण माझं समीकरण तसंच राहिलं.

आमच्या कामाचं वेगळेपण इथे सांगायला हवं. दुकानात बिलं करणारा किंवा शाळेत पत्रं टाइप करणारा संगणक बहुतेक वेळ रिकामाच असतो. त्याला अकोल्याचा उन्हाळा फारसा जाणवत नाही. आमची लग्नसराई मात्र नेमकी एप्रिल-मेमध्ये. पारा पंचेचाळीसच्या घरात असतो त्याच आठवड्यांत मशीन तासन् तास रेंडरला लागलेलं असतं. स्लॅबची खोली, वरचा मजला, पश्चिमेची भिंत. दुपारी तीन वाजता कूलर चालू असूनही खोलीतला काटा पस्तिसाच्या पुढेच, आणि वीज गेली की थेट चाळिशीपार.

आता साधी वजाबाकी पाहा. हीटसिंक आणि पंखा मिळून प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करूच शकत नाहीत. ते फक्त प्रोसेसर आणि हवा यांच्यातलं अंतर ठरवतात. पंचवीस अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर जे मशीन पंचाहत्तरवर स्थिर राहतं, तेच बेचाळीस अंशांच्या खोलीत ब्याण्णवच्या आसपास जाणार. पाण्याचं कूलिंग घेतलं तरी ते पाणी शेवटी रेडिएटरमधून त्याच खोलीतल्या हवेला उष्णता देतं. अंतर थोडं घटतं, आधार तोच राहतो. महागड्या कूलिंगच्या जाहिरातींत जे आकडे असतात ते वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतले असतात, ही गोष्ट वऱ्हाडातल्या माणसानं लक्षात ठेवली पाहिजे.

पण माझं मत खरं हललं ते दुसऱ्या कारणानं. माझ्याकडे एडिटिंग शिकणारा एक मुलगा आहे. टेबलाखाली जिथे कॅबिनेट ठेवलंय तिथेच त्याचे पाय येतात. तो एका दुपारी म्हणाला, “भाऊ, कूलर चालू हाये तरी पायाले चटके लागून राह्यले.” मी नेहमीप्रमाणे स्क्रीनवरचा प्रोसेसरचा आकडा पाहिला. नवे पंखे बसवल्यापासून तो चांगलाच खाली आला होता आणि मी त्यावर खूश होतो. पंख्यांनी आपलं काम चोख केलं होतं: प्रोसेसरची उष्णता लवकर काढून त्या मुलाच्या पायांवर सोडली होती.

मग मी प्लगला लावायचं वॉटमीटर आणलं. रेंडर चालू असताना मशीन साडेचारशे वॉटच्या आसपास घेत होतं. संगणक वजन उचलत नाही की पाणी उपसत नाही. तो जितकी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे माझ्या टेबलाखाली चार-साडेचार माणसं दिवसभर दाटीवाटीनं बसलेली होती. पंखे दोन असोत की सहा, माणसं तेवढीच.

मला तोवर काळजी होती ती प्रोसेसरची. त्या काळजीपोटी मी कंपन्यांनी दिलेल्या मर्यादा नीट वाचल्या. माझ्या तेराव्या पिढीच्या आय-सेव्हनला शंभर अंशांपर्यंत मुभा आहे. त्याच्याजवळ पोचला की तो स्वतःच वेग कमी करून स्वतःला वाचवतो. एएमडीचे २०२२ साली आलेले रायझन ७००० प्रोसेसर तर पूर्ण भारावर पंचाण्णव अंशांवर चालतील याच हिशेबानं बनवलेले आहेत. हार्ड डिस्कबद्दलही माझी भीती होती. गुगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या डिस्कांच्या प्रचंड ताफ्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात तापमान आणि डिस्क बिघडणं यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट दिसला नाही. फार वरच्या तापमानाला आणि जुन्या झालेल्या डिस्कांत मात्र तो जाणवला. उष्णतेनं खरोखर झिजतात ते पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. दर दहा अंशांनी त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात सर्वांत जास्त बंद पडणारा भाग पॉवर सप्लायच असतो. त्याच्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण त्याचा आकडा स्क्रीनवर येत नाही. खोलीतल्या माणसांचाही येत नाही. प्रोसेसर पंचाण्णव अंश सोसतो. बेचाळीस अंशांत आठ तास बसणाऱ्या त्या मुलाला स्वतःला वाचवायला वेग कमी करायची मुभा नसते, डिलिव्हरीची तारीख त्याच्याही मानेवर असते. आता मला जास्त काळजी त्याची वाटते, आणि हे मी मनापासून लिहितोय.

मग उपाय काय? प्रोसेसरनं खायचे वॉटच कमी करणं. याला पैसा लागत नाही. इंटेलनं माझ्या प्रोसेसरला १२५ वॉट हा मूळ आकडा दिला आहे आणि जोरात पळताना २५३ वॉटपर्यंतची परवानगी. अनेक मदरबोर्ड ही वरची परवानगी कायमची उघडी ठेवतात. मी बायोसमध्ये जाऊन ती १२५ वर आणली. ग्राफिक्स कार्डाचीही मर्यादा त्याच्या सॉफ्टवेअरमधून सत्तर टक्क्यांवर ठेवली. एएमडीवाल्यांसाठी याच कामाला ‘इको मोड’ आहे; १७० वॉटचा प्रोसेसर त्यात ६५ वॉटच्या वर्गातल्यासारखा चालवता येतो.

वीज निम्मी केली की वेगही निम्मा होईल, ही माझी भीती होती आणि मला वाटतं बहुतेकांची असते. तसं होत नाही. चिपची वीज ही वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के कमी केला आणि त्याबरोबर व्होल्टेजही दहा टक्के उतरलं, तर वीज दहा नव्हे, सत्तावीस टक्क्यांनी घटते. कारखान्यातून येणारा प्रोसेसर शेवटच्या थोड्या वेगासाठी वीज वारेमाप जाळतो. माझ्याकडे तासाभराच्या रेंडरला दहा-बारा मिनिटं जास्त लागू लागली आणि मीटर पावणेतीनशेच्या आतबाहेर आलं. वेळ वाढला तो धरूनही खोलीत पडणारी एकूण उष्णता पूर्वीपेक्षा बरीच कमी. पंखे हळू फिरू लागले, पॉवर सप्लायवरचा ताण कमी झाला, आणि इन्व्हर्टरवर मशीन आता जास्त वेळ तग धरतं.

उरलेली उष्णता खोलीबाहेर घालवायची असते, खोलीतल्या खोलीत फिरवायची नसते. कूलरचं तंत्रही हेच सांगतं. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत येते आणि समोरची खिडकी उघडी असेल तरच तिचा उपयोग. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो. म्हणून मी कॅबिनेट टेबलाखालून काढलं आणि कूलरच्या समोरच्या, पूर्वेच्या उघड्या खिडकीशी ठेवलं, पाठ खिडकीकडे. हवा आधी माणसांवरून जाते, मग मशीनमधून, मग बाहेर. आधी मी याच्या नेमकं उलट करत असे: कूलरचा झोत कॅबिनेटवर आणि माणसं कडेला.

कूलरच्या दमट हवेनं मशीनमध्ये पाणी धरेल असं लोक म्हणतात. दव धरतं ते हवेपेक्षा गार झालेल्या वस्तूवर. चालू संगणक खोलीपेक्षा गरमच असतो, तेव्हा ती भीती नको. भीती हवी ती शिंतोड्यांची. आपला हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. कूलरमध्ये बोअरचं खारं पाणी टाकलं की जुन्या ताट्यांतून उडणारे थेंब वाळून पांढरे क्षार मागे ठेवतात. काळ्या मातीच्या बारीक धुळीबरोबर ते हीटसिंकच्या पात्यांत बसले की ब्लोअरनंही निघत नाहीत, ब्रश घेऊन बसावं लागतं. झोत थेट मशीनवर न सोडण्याचं हे दुसरं कारण. लग्नसराईच्या आधी एकदा कॅबिनेट उघडून, पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारायचा, हे मी पूर्वीही सांगत होतो आणि आजही सांगतो. त्या बाबतीत माझं मत तिळभर बदललेलं नाही.

एसीला माझा विरोध नाही. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढू शकतो, त्यात संगणकाचा वाटा थोडाच. ज्याला परवडतो त्यानं माणसांसाठी जरूर लावावा. मात्र संगणकासाठी म्हणून कर्ज काढून एसी घेणारे माझ्या ओळखीत आहेत आणि त्यातल्या एकाला तो सल्ला मीच दिला होता. त्याला मी आता म्हणतो की आधी रेंडर रात्रीवर टाक. मेमध्येही पहाटेची हवा दुपारपेक्षा पंधरा-एक अंशांनी खाली असते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये रेंडरची रांग लावायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि गच्चीवर झोपायला जायचं. दुपारी फक्त कटिंग, ज्याला निम्मेही वॉट लागत नाहीत.

परवा त्यानंच विचारलं, “पाऊस पडला की ही वॉटची मर्यादा काढून टाकू का?” मी नको म्हटलं. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हवा दमट असते, तेव्हा कूलर नुसता आवाज करतो, आणि दिवाळीनंतरच्या लग्नांचं काम तोवर येऊन ठेपलेलं असतं. माझ्या मशीनवर तर १२५ चा आकडा आता बाराही महिने तसाच आहे. फक्त एखाद्या घाईच्या डिलिव्हरीला, डिसेंबरच्या थंडीत, मी तो दीडशेवर नेतो.